आडोसा

आमच्या गावच्या घराला न्हाणीघर नव्हतं. वाईच्या पुढे, कृष्णेपासून थोडं आत असलेलं ते घर. पुढे ओटी, मागे परस, आणि परसात विहिरीच्या अंगाला आईने चार बांबू रोवून केलेला आडोसा. तीन बाजूंनी पाचटाचा कूड, चौथ्या बाजूला तिचंच एक जुनं लुगडं, आणि वाऱ्याने ते उडू नये म्हणून खालच्या काठावर ठेवलेले दोन दगड. वर आभाळ उघडं. घरातल्या सगळ्या बायकांच्या आंघोळी तिथे व्हायच्या. आत्या माहेरपणाला आली की तोंडात पदर धरून तिथेच रडून घ्यायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. आम्हा पोरांना ताकीद होती, लुगडं सोडलेलं दिसलं की तिकडे फिरकायचं नाही. कूड इतका विरळ होता की कोणी मुद्दाम पाहिलं असतं तर पलीकडचं सहज दिसलं असतं. कोणी कधी पाहिलं नाही. तो आडोसा पाचटापेक्षा त्या ताकिदीवर जास्त उभा होता.

मी पुरुष आहे आणि पुरुषावर प्रेम करतो. हे वाक्य असं सरळ मराठीत म्हणायला मला वयाची पस्तिशी उलटावी लागली. आज मी चोपन्न वर्षांचा आहे. आमच्यातली तरुण मुलं 'सेफ स्पेस' म्हणतात, आणि त्या शब्दाशी माझं काही भांडण नाही. पण तो कानावर आला की माझ्या डोळ्यांपुढे आईचं ते लुगडं हलतं. आडोशामागे माणूस लपायला जात नाही, अंगावरचं उतरवायला जातो. माझ्यावर अशी वेळ जेव्हा जेव्हा आली तेव्हा पुढ्यात कुठलं तरी नाटक होतं, कादंबरी होती, सिनेमा होता. समोरासमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून 'मला तुला काही सांगायचंय' असं मी कोणालाच म्हणू शकलो नाही. शेजारी बसून, दोघांनी तिसरीकडे बघत, ते सांगता आलं.

१९८९ साली बारावी होऊन पुण्यात आलो, चुलत्यांकडे राहिलो. त्यांनी पहिल्याच महिन्यात बालगंधर्व रंगमंदिरात नाटकाला नेलं. नाटक कोणतं होतं ते आता आठवत नाही. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेतून बाहेर पडून मी भिंतीवरच्या दोन मोठ्या चित्रांपुढे उभा राहिलो, ते मात्र लख्ख आठवतं. गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची चित्रं. एकात पुरुषवेषातले नारायणराव राजहंस, दुसऱ्यात स्त्रीवेषातले. माणूस तोच. दोन्ही चौकटी सारख्याच मानाने लावलेल्या. शेजारी दोन आजी उभ्या होत्या. एक दुसरीला सांगत होती की तिच्या आईने शालूचा पदर कसा घ्यायचा ते ह्यांचं बघून शिकून घेतलं होतं. सांगताना तिने आपला पदर सारखा केला.

नारायणरावांच्या खासगी आयुष्यावर मला माझं काही लादायचं नाही. ते नट होते, अपार मोठे गायक होते, आणि त्यांनी जे केलं ते भूमिकेसाठी केलं. पण अठरा वर्षांच्या, स्वतःच्या चालण्याची, हात हलवण्याची, आवाजाची लाज बाळगणाऱ्या मुलाला ते चित्र काय सांगत होतं ते मलाच ठाऊक. ह्या शहराने १९६८ साली आपलं एवढं मोठं रंगमंदिर बांधलं आणि त्याला नाव दिलं ते शालूतल्या पुरुषाचं. तिसरी घंटा झाली तरी माझे पाय हलत नव्हते. चुलते शोधत आले. "काय बघतोयस?" म्हणाले. मी म्हणालो, "चित्र छान आहे." तेही क्षणभर थांबले, बघितलं, म्हणाले, "खरंच छान आहे रे." त्या दिवशी एवढंच बोलणं झालं, पण ते माझ्या मनाच्या गोष्टीबद्दल झालेलं पहिलं बोलणं होतं. चुलत्यांना त्याचा पत्ता नव्हता, तरीही.

अर्थात ह्याची दुसरी बाजू मी गावातूनच घेऊन आलो होतो. शाळेत मला मुलं 'गणपत पाटील' म्हणायची. गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत तमाशातला नाच्या इतका जिवंत केला की त्यांचं नाव गावोगावच्या शाळांत चिडवण्यासाठी वापरलं गेलं. त्या प्रतिमेचे चटके त्यांना स्वतःला आणि त्यांच्या घरच्यांना आयुष्यभर बसले. पुढे २०१० साली 'नटरंग' आला, त्यातला पैलवानी अंगाचा गुणा नाच्या होतो आणि त्यापायी काय काय सोसतो ते लोकांनी डोळे पुसत पाहिलं. आमच्या गावचे लोकही बघून आले. त्यांतल्या एकाने मला फोन केला. शाळेत मला त्या नावाने हाक मारणाऱ्यांत तो पहिला होता. नुसतंच म्हणाला, "पिक्चर बघितलास का?" मी म्हणालो, "बघितला." मग दोघेही बराच वेळ गप्प. फोन ठेवताना म्हणाला, "गावाकडे आलास की घरी ये." मी गेलो. त्याच्या बायकोने पुरणपोळी केली होती. माफी हा शब्द त्याने उच्चारला नाही आणि मला त्याची गरज वाटली नाही.

मराठी रंगभूमीने बाईच्या वेषातल्या पुरुषावर जीव टाकला आणि रंग पुसल्यावर त्याला वाऱ्यावर सोडलं, हे सतीश आळेकरांइतकं कोणी ओळखलं नाही. त्यांचं 'बेगम बर्वे' थिएटर अकॅडमीने १९७९ साली रंगमंचावर आणलं, बर्वे केला चंद्रकांत काळ्यांनी. संगीत नाटकाच्या दुनियेच्या कडेकडेने जगलेला, स्त्रीभूमिकांच्या स्वप्नात अडकलेला हा बर्वे आता उदबत्त्या विकतो आणि मालकाचा मार खातो. दोन कारकुनांच्या खोलीत, त्यांच्या दिवास्वप्नात शिरून तो कोणाची तरी वधू होतो, त्याला दिवसही जातात. मग स्वप्न मोडतं. मी ते संहिता म्हणून आधी वाचलं, एका बैठकीत, आणि पुस्तक मिटल्यावर दार लावून घेतलं. बर्वेला पाहिजे होतं ते फार थोडं होतं. कोणीतरी आपल्याला त्या नावाने हाक मारावी, आणि खोलीचं दार बाहेरून कोणी ढकलू नये.

असं दार आम्हाला मिळालं ते २०१४ साली.

११ डिसेंबर २०१३ चा बुधवार आमच्यातलं कोणी विसरलेलं नाही. २००९ च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या फासातून आम्हाला मोकळं केलं होतं. साडेचार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मधल्या काळात कितीतरी जणांनी घरी सांगून टाकलं होतं, ऑफिसात सांगितलं होतं. सांगितलेलं परत घेता येत नाही. त्या आठवड्यात माझ्या एका मित्राचा फोन आला. "एकटा बसू नकोस. जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी घरी ये, नाटक वाचू." नाटकच का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "खाली घरमालक राहतात. कोणी विचारलं तर नाट्यवाचन आहे म्हणून सांगता येतं."

सदाशिव पेठेतल्या त्याच्या दोन खोल्या. तो आणि त्याचा जोडीदार तिथे तेव्हा दहा-अकरा वर्षं एकत्र राहत होते. घरमालकांच्या लेखी दोघे 'नोकरदार मित्र'. पहिल्या शनिवारी आम्ही सहा जण होतो. सतरंजी, एक पिंप पाणी, आणि तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'च्या झेरॉक्स प्रती.

हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आलं, सुमित्रा देव म्हणजे मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. काळ स्वातंत्र्याआधीचा, मित्रा कॉलेजातली. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते आणि समोरच्या नमाच्या प्रेमात पडते. म्हणजे तिलाही स्वतःचा शोध लागतो तो नाटकाच्याच आडोशाला. तिचं ऐकून घेणारा एकच मित्र, बापू. भित्रा, साधा, आणि तिच्यासाठी जीव टाकणारा. मित्रा आणि नमा भेटतात त्या बापूच्या खोलीत. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तेंडुलकरांनी ओळखलं होतं की अशा प्रेमाला आधी लागते ती खोली, आणि ती देणारा कोणीतरी लागतो.

स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या. मला बापू आला. मित्रा आली ती कऱ्हाडच्या एका मुलीला. इंजिनिअरिंगला होती, कोणाच्या तरी ओळखीने आलेली. आल्यापासून नाव सोडून एक शब्द बोलली नव्हती. वाचायला लागली तीही इतिवृत्त वाचल्यासारखी, स्वल्पविरामाला थांबत. आम्ही आपापल्या प्रतीवर बोट ठेवून मागे मागे जात होतो. दुसऱ्या अंकात केव्हातरी माझं बोट अडलं. ती म्हणत होती ती ओळ मला पानावर सापडेना. शेजारच्याकडे बघितलं, तोही पान उलटून बघत होता. वसतिगृह, शेजारची कॉट, दिवाळीच्या सुट्टीत न आलेलं पत्र, मग साखरपुड्याचा फोटो. हे काही तेंडुलकरांनी लिहिलेलं नव्हतं. ती पुस्तकात डोळे रोवून, त्याच सपाट आवाजात, स्वतःचं बोलत होती.

कोणी हूं की चूं केलं नाही. ती थांबली तेव्हा रीतीने पाळी बापूची होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मीही पुस्तकात बघून बोललो. "मित्रा, माझी खोली आहे. दुपारी कोणी नसतं. तुला वाटेल तेव्हा येत जा." पुस्तकात हे वाक्य नाही. तिने मान वर केली नाही, पण बोटाने पान चाचपत सोडलेली ओळ शोधून काढली आणि तिथून पुढे वाचायला लागली. आवाज आता सपाट राहिला नव्हता.

नाटक संपल्यावर ती भांडली. मित्रा शेवटी जीव देते, ह्याचा तिला संताप आला होता. "आपण दर वेळी मरायलाच पाहिजे का?" आमच्यातला थोराड सोलापूरकर तेंडुलकरांची बाजू घेऊन बोलायला लागला, त्या काळाचं सांगायला लागला. मला तेव्हा तो बरोबर वाटला. आता वाटतं, ती बरोबर होती, आणि तेंडुलकरही चुकले नव्हते. मित्राला मारलं ते तिच्या भोवतालच्यांनी, आणि नाटक तेच दाखवतं. पण वीस वर्षांच्या मुलीला पुढची वाट दाखवायला एवढं पुरत नाही. रात्री साडेदहाला तिला सोडायला तिघे जण गेले, आणि 'पोचले' असा मेसेज येईपर्यंत बाकीचे सतरंजीवर बसून राहिले. तो मेसेज पाठवण्याची पद्धत तेव्हापासून पडली ती आजतागायत आहे.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाचन होत राहिलं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आम्ही तीन शनिवार वाचली. पेइंग गेस्ट म्हणून घरात आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. २००६ ची कादंबरी. त्या पाहुण्याला कादंबरीभर नाव नाही. वाचताना त्या मोकळ्या जागी प्रत्येकाच्या मनात कोणतं नाव येत होतं ते चहाच्या वेळी हळूहळू बाहेर आलं.

माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेला शनिवार आहे तो 'एक माधवबाग'चा. चेतन दातारांनी लिहिलेलं हे आईचं स्वगत. मुलाची डायरी हाती पडते आणि त्याचं समलिंगी असणं आईला कळतं; मग तिचं मन कुठून कुठे जातं त्याची ही गोष्ट. चेतन २००८ साली गेले. पण मोना आंबेगावकरांनी पुढे वर्षानुवर्षं त्याचं अभिवाचन केलं, वाचून झाल्यावर प्रेक्षकांशी बोलत राहिल्या. म्हणून आम्हीही ते निवडलं होतं.

आमच्यातल्या एका सव्वीस वर्षांच्या मुलाची आई त्याच सुमारास डोळे तपासायला पुण्यात आली होती. बारामतीकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मुलगा दर महिन्याला 'नाट्यवाचनाला' जातो एवढंच त्यांना माहीत. "मीही येते, मी शाळेत नाटकं बसवलीयत," म्हणाल्या आणि आल्याच. पोराने जिन्यातून आम्हाला फोन केला, आवाज कापत होता, आज दुसरं काहीतरी काढा. घरच्या मित्राने कपाटापाशी जाऊन दोन-तीन पुस्तकं चाळली, पण काकूंनी तोवर सतरंजीवरची प्रत उचलून डोळ्यांसमोर धरली होती. पहिलं पान बघून म्हणाल्या, "एकट्या बाईचं दिसतंय. तुमच्यात बाई कोण आहे वाचायला? मग मीच वाचते."

कऱ्हाडची मुलगी त्या दिवशी आली नव्हती. कोणी काही बोललं नाही.

काकूंनी चष्मा लावला आणि पोथी वाचावी तसं वाचायला सुरुवात केली. उच्चार स्वच्छ, 'श' आणि 'ष' वेगळे. मुलगा दाराच्या चौकटीत उभा, अर्धा आत, अर्धा बाहेर. डायरीच्या जागी आल्यावर त्या थांबल्या. पाणी मागितलं, दोन घोट प्यायल्या. मित्र हळूच म्हणाला, "काकू, पुढचं मी वाचू का?" त्यांनी मान हलवली आणि पान स्वतःच उलटलं. त्यानंतर एकदाही थांबल्या नाहीत.

वाचन संपलं. चष्मा काढून पदराने पुसत, कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "वाचली होती मी तुझी वही. तू बारावीला असताना. वाचून होती तिथे ठेवून दिली."

दारातून आवाज आला, "माहितीय. उलटी ठेवली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

खूप वेळ पंख्याचाच आवाज येत होता. शेवटी काकू उठल्या, म्हणाल्या, "पोहे भिजवलेत म्हणालात ना? कोथिंबीर द्या इकडे." स्वयंपाकघरात मुलगा त्यांच्या शेजारी ओट्यापाशी उभा राहिला, दोघांची आमच्याकडे पाठ, आणि कोथिंबीर चिरून संपली तरी सुरी पाटावर चालल्याचा आवाज येत राहिला. ते काय बोलले ते आम्ही ऐकलं नाही. लुगडं सोडलेलं होतं, तिकडे फिरकायचं नव्हतं.

पुढे काकू मुलाकडेच धायरीला राहायला आल्या आणि वाचनाला नियमित यायला लागल्या. ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ च्या फासातून आम्हाला पुन्हा मोकळं केलं त्या गुरुवारी, त्यांनी डबाभर शिरा करून आणला. एकाने त्यांना त्या दिवशी प्रथम 'मावशी' म्हटलं.

हा शब्द मी नंतर बराच काळ मनात घोळवला. तमाशातली गवळण ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची म्होरकी असते ती मावशी. ती भूमिका परंपरेने पुरुषच करतो. डोक्यावर पदर, कमरेवर हात, तोंडाने फटकळ. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, तेव्हा गौळणींना मागे घालून ही पुढे होते आणि भांडते. लहानपणी जत्रेत मी तिची वाट बघत बसायचो. नाच्याला लोक हसायचे, मावशीलाही हसायचे, पण मावशीच्या वाटेला कोणी जायचं नाही. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या मुलखात हे नातं असं आहे की ते रक्ताचंही असतं आणि नुसतं मानलेलंही असतं, आणि कोणी पुरावा मागत नाही.

मानलेल्या नात्यांवर जगण्याची आमची रीत नवी नाही. हिजड्यांमध्ये गुरू असते, चेला असते, गुरूची गुरू ती नानी. हे घर कसं चालतं ते लक्ष्मी त्रिपाठींच्या 'मी हिजडा, मी लक्ष्मी' ह्या पुस्तकाने २०१२ मध्ये मराठी वाचकांपुढे ठेवलं. यल्लम्माला सोडलेल्या जोगत्यांना घर तुटल्यावर जोडतं ते चौंडकं आणि गाणं. एकाने गावं, दुसऱ्याने झेलावं, मिळालेलं एका परडीत घ्यावं. २००९ चा 'जोगवा' राजन गवसांच्या कादंबऱ्यांवरून आणि चारुता सागरांच्या कथेवरून आला. त्यातला साडीतला तायप्पा पाहिला तेव्हा आमच्या गावावरून जाणारे जोगते आठवले. आजी त्यांना सुपातून जोंधळे घालायची आणि पायांवर डोकं ठेवायची. मला मात्र त्यांच्यापाशी थांबू द्यायची नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात एका रात्री आमच्या सदाशिव पेठेतल्या मित्राला छातीत कळ आली. जोडीदाराने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. काउंटरवर अर्ज पुढे आला. त्यात एक रकाना होता, 'रुग्णाशी नाते'. एकोणीस वर्षं एका घरात, एका ताटात जेवलेल्या माणसाने तिथे लिहिलं, 'मित्र'. खिडकीतल्या माणसाने तो रकाना पेनाने गोल करून अर्ज परत सरकवला. रक्ताच्या नात्यातलं कोणी बोलवा. भाऊ नांदेडला, सकाळशिवाय पोचणार नव्हता. त्या कलमाच्या फासातून सुटून चार वर्षं झाली होती. आमच्या नात्याला आता कोणी गुन्हा म्हणत नव्हतं, त्याला रकाना मात्र नव्हता.

मी पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. दोनला मावशी आल्या, साडीवर मुलाचं जॅकेट, हातात थर्मास. अर्ज घेतला, वाचला, चष्म्यावरून खिडकीत बघून म्हणाल्या, "मी मावशी. सही कुठे करायची?" निकालपत्रकावर करत असत तशी सही केली, खाली रेघ ओढून. मग जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हाही माझाच भाचा. आत हा बसेल." तो आत गेला. त्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसल्या. कमरेवर हात नव्हता, डोक्यावर पदर नव्हता, पण मला त्या रात्री जत्रेतली ती वाट अडवलेली जागा दिसत होती. मित्र वाचला. आता जिना चढताना मध्ये एकदा थांबतो, म्हणून वाचन आम्ही तळमजल्यावरच्या एकाच्या घरी नेलं आहे.

वर्षभराने, १७ ऑक्टोबर २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाने आमच्या लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला. पुढच्या महिन्याच्या वाचनाला त्या दोघांनी एकमेकांशेजारी बसून काहीच वाचलं नाही, नुसतं ऐकलं.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, आम्ही सात जण 'साबर बोंडं' बघायला गेलो. रोहन परशुराम कानवडेंचा चित्रपट. त्याच वर्षीच्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. तिथे पोचलेला तो पहिला मराठी चित्रपट. मुंबईत राहणारा आनंद वडील गेले म्हणून आईबरोबर गावी येतो, दहा दिवसांच्या सुतकात अडकतो, आणि तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. कानवडेंच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकात नातेवाइकांनी लग्नाचा धोशा लावला होता, त्या अनुभवातून हे आलंय. मरण त्यात आहे, पण ते बापाचं आहे. कऱ्हाडची मुलगी आता तिशीपलीकडची, माझ्या डावीकडे बसली होती, मध्यंतरात एवढंच म्हणाली, "बापू, ह्यात आपण मरत नाही वाटतं." अजून ती मला बापूच म्हणते.

आमच्या पुढच्या रांगेत कॉलेजातली दोन मुलं मधल्या खुर्चीवर सॅक ठेवून बसली होती. मध्यंतरानंतर सॅक खाली पायापाशी होती. पडद्यावर नातेवाईक बाया आनंदच्या लग्नाचा विषय काढत होत्या आणि मावशी अंधारात मुलाला हळूच सांगत होत्या, "अगदी अस्संच. तुझे आजोबा गेले तेव्हा तुझ्या आत्याबाईंनी अस्संच केलं होतं." मुलगा म्हणाला, "आणि तू काय म्हणालीस?" "मी म्हटलं, आधी दहावं होऊ द्या." "मला कधी सांगितलं नाहीस." "तू कधी विचारलंस?"

बाहेर पार्किंगमध्ये गाड्या काढायच्या सोडून आम्ही उभेच राहिलो. विषय निघाला तो साबराच्या बोंडांचा. शहरात वाढलेल्या दोघांनी ती कधी खाल्ली नव्हती. मावशींना मग शाळेतला सूर सापडला. निवडुंगाचं ते बोंड नुसतं तोडायचं नसतं. त्याला बारीक कुसळं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, बोटात गेली की दोन दिवस सलतात. गोणपाटावर घासायचं, नाहीतर ओल्या मातीत लोळवायचं, मग साल सोडवायची. ज्याला जमतं त्याने दुसऱ्याला सोलून द्यायचं. आतला गर लालभडक. "आम्ही पोरं माळावर जाऊन खायचो आणि घरी येऊन साळसूदासारखी बसायचो. आई काही विचारायची नाही. नुसतं म्हणायची, जीभ दाखव."

असं म्हणून त्यांनी तिथेच, दिव्याच्या खांबाखाली, मुलाची हनुवटी धरली. "दाखव रे." त्याने दाखवली. मग त्या माझ्याकडे वळल्या.